हाय का, बाय?

“कोन न्हाय रं आत. येक टाळकं न्हाय,” दाराबाहेर कुणीतरी म्हणालं, आणि दारातून एक बांबू आत आला.

नुसता बांबू. माणूस बाहेरच होता. बांबू भिंतीवरून चाचपडत बटणांच्या बोर्डापर्यंत पोचला, त्यानं पंख्याचं बटण वर ढकललं, मग ट्यूबचं, आणि आला तसा तो मागे गेला.

ग्रंथालयातला तो माझा पहिला दिवस. दोन कपाटांच्या मागे, पुस्तकांच्या नोंदवहीवर वाकून मी बसले होते. ‘मी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायला नेहमीच वेळ लागतो, आणि बांबूला तो लागत नव्हता. मी अंधारात उठले, कपाटाला गुडघा आपटून घेतला आणि दाराशी गेले.

बाहेर खाकी शर्टातला, काटक, पांढऱ्या मिशांचा एक माणूस बांबू खांद्यावर टाकून निघाला होता. मला बघून तो दचकला. अनोळखी माणसाला भेटल्यावर काय म्हणायचं ते शाळेत शिकवलेलं होतं, तेवढंच तोंडून निघालं.

“हाय,” मी म्हणाले.

“हायेस व्हय!” बांबू पुन्हा आत गेला. पंखा फिरायला लागला. “हायेस तं बोलाचं ना, बाय!”

आधी हाय आणि लगेच बाय. इतक्या झटपट मला आजवर कुणी वाटेला लावलं नव्हतं. मीही त्यांना ‘बाय’ म्हटलं आणि आत जाऊन बसले.

ते हरीकाका. आमच्या उपकेंद्राचे शिपाई. त्या दिवशी त्यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, “नवी पोरगी बरी हाय, पन माना बाय म्हनते.” हेडक्लार्क शिर्के पोट धरून हसले आणि मग मला येऊन समजावून गेले. हरीकाका आगरी. त्यांच्या बोलीत ‘माना’ म्हणजे ‘मला’, ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. आणि ‘बाय’ म्हणजे मुलगी, बहीण, आई, जिच्याशी मायेनं बोलायचं अशी कुठलीही बाई. थोडक्यात, मी एका साठीला आलेल्या, मिशीवाल्या गृहस्थांना ‘अगं पोरी’ अशी हाक मारली होती.

मी भिवंडीचीच. धामणकर नाक्याजवळ आमचं घर आहे, खाली वडिलांचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान. पण शाळा कल्याणला, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे आमच्यापासून दोन-चार किलोमीटरवरच्या गावांत लोक काय बोलतात, हे मला फ्रान्समध्ये काय बोलतात त्यापेक्षा कमीच माहीत होतं. त्यात आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट चोवीस तास. सगळे ओरडूनच बोलतात. मी एकटी हळू बोलायचे, म्हणजे जवळजवळ बोलायचेच नाही. “हिला सायलेन्सर बसवून मिळालाय,” असं वडील गिऱ्हाइकांना सांगत.

नोकरी तात्पुरती होती. विद्यापीठाचं हे उपकेंद्र पूर्णा गावाच्या अलीकडे, गोदामांच्या रांगेत. पत्र्याचं छप्पर, लांबुळकी इमारत, पुढे मोठं पटांगण. ते इतकं गोदामासारखं दिसे, की आठवड्यातून एखादा ट्रक सरळ आत शिरायचा.

“चाचा, गाला नंबर कौनसा?” ड्रायव्हर विचारायचा.

“इधर खाली किताब का माल हाय,” हरीकाका म्हणायचे. “उतारेगा?”

काकांचा मुख्य छंद बंद करणे. दिवे, पंखे, नळ, दारं, आणि जमलं तर माणसांची तोंडं. तो बांबू पूर्वी चिंचा पाडायला होता. त्याच्या टोकाला खाच पाडून काकांनी तो बटणांच्या कामाला लावला होता. खोलीत पाऊल न टाकता, जाता जाता ते अख्खी इमारत विझवत जायचे. खोलीत माणूस आहे की नाही ते बघायची त्यांची पद्धत एकच. दारातून हाक मारायची, “कोन हाय का?” उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर माणूस नाही. एका पाहुण्या प्राध्यापकांनी डोळे मिटून, कविता आठवत उभं राहण्याची चूक केली होती. त्यांना पूर्ण वर्गासकट विझवलं गेलं. विद्यार्थ्यांपैकी कुणीही ओ दिली नाही, यात मला काही नवल वाटलं नाही.

दिवसा दिवा दिसला की काकांचं ठरलेलं वाक्य असे. “सूर्य काय रजेवर हाय?”

हे ते प्रभारी संचालकांनाही विचारत. प्रभारी संचालक म्हणजे आमचे मुख्य. पूर्ण संचालक कधी नेमले जाणार होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे त्यांना प्रभारी सर म्हणत. सरांना दुपारी जाड पडदे ओढून, ट्यूब लावून, एसीच्या गारव्यात शाल पांघरून बसायला आवडे. एकदा काकांनी चहा ठेवला, पडदा सर्रकन बाजूला केला, ट्यूब बंद केली आणि अदबीनं विचारलं, “सायेब, सूर्य काय रजेवर हाय?” दुसऱ्या दिवशी लेखी सूचना निघाली. संचालकांच्या दालनातील पडदे परवानगीशिवाय उघडू नयेत. शिर्क्यांनी ती काकांना वाचून दाखवली, कारण काकांना वाचता येत नसे. काकांनी ऐकलं, कागद मागून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर शिर्क्यांना चहाचा हिशेब लिहायला दिला.

त्यांच्या खिशात कायम लूमच्या वेस्टेज सुताचा गुंता असे. निजामपुऱ्यात तरुणपणी त्यांनी लूमवर काम केलं होतं, तिथली ती सवय. गळका नळ त्या सुतानं बांधलेला असे, खिडकीची कडी, शिर्क्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा. बैठक संपली की पाहुण्यांनी अर्ध्या टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या ते गोळा करत. “अर्धीच पियाची व्हती तं फोरली कशाला?” असं पुटपुटत ते पाणी झाडांना घालत. वनस्पतिशास्त्र विभागानं झाडांवर नावाच्या पाट्या ठोकल्या, तेव्हा काकांनी एक सबंध रविवार खर्चून सगळे खिळे उपटले आणि पाट्या सुतानं बांधल्या. “झार वाचवा म्हंतात आनि झारालाच खिला मारतात,” ते मला म्हणाले. मी मान हलवली. माझं सगळं बोलणं तेव्हा मानेनंच चाले.

रोज साडेपाचला ते ग्रंथालयाच्या दारात येत. “हाय का, बाय?”

मला ओरडून उत्तर देणं जमत नसे. मी स्टूल फरशीवर सरकवायचे. कर्र.

“आवाज कर गो,” ते म्हणायचे. “येक दिवस कुलूप लावून जाईन, मंग बस रातभर पुस्तकं वाचत.”

असं सगळं बरं चाललेलं असताना विद्यापीठाचं परिपत्रक आलं.

परिपत्रक जाडजूड होतं आणि कागदाची बचत या विषयावर होतं. एकाच बाजूला छापलेलं, चार प्रतींत. शिवाय वीज, पाणी, कचरा आणि झाडं. प्रत्येक उपकेंद्रानं आपला परिसर ‘सस्टेनेबल’ करायचा होता. एक समिती येऊन पाहणी करणार होती आणि पसंत पडलं तर ‘हरित परिसर’ असा दर्जा देणार होती.

“सस्टेनेबलला मराठीत काय म्हणतात?” प्रभारी सरांनी विचारलं.

“शाश्वत,” शिर्के म्हणाले. “म्हणजे कायम टिकणारं.” आणि सर वळल्यावर माझ्याकडे बघून हळूच, “आपल्या सरांच्या प्रभारीपणासारखं.”

मग ते काकांना चिडवायला लागले. “काका, तुमच्या नावाची योजना आलीय. हरीत परिसर!”

“माजाच हाय तं परिसर,” काका म्हणाले आणि बांबू घेऊन निघून गेले. सगळे हसले. मीही हसले, अर्थात आतल्या आत.

पुढचे पंधरा दिवस आमच्या उपकेंद्रानं पर्यावरणासाठी जेवढी वीज, कागद आणि पाणी खर्च केलं, तेवढं त्याआधी कधी केलं नसेल. खांबांना हिरवा ऑइलपेंट लागला. दरवाजाजवळ सिमेंटची दोन हरणं आली. कारंजं आलं. त्यात पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न टँकरनं सुटला. ते दिवस लोडशेडिंगचे होते. दुपारी लाईट गेली की पटांगणात डिझेलचा जनरेटर धडधडायला लागायचा, कारण सरांना पडद्यावर ‘वीज वाचवा’ या चित्रफितीची तालीम करायची असे. काका त्या जनरेटरपाशी बांबू घेऊन उभे राहत. त्याला बटण कुठं असतं ते त्यांना सापडत नव्हतं, एवढंच सरांचं नशीब.

अहवाल इंग्रजीत हवा होता. इंग्रजी शाळेतली मी एकटीच. तो माझ्याकडे आला.

परिपत्रकासोबत लांबलचक प्रश्नावली होती. मी प्रश्न वाचत गेले आणि एक गंमत लक्षात आली. रिकाम्या खोल्यांतले दिवे बंद करण्याची व्यवस्था आहे का? आहे. वाया जाणारं पाणी झाडांसाठी वापरता का? वापरतो. दिवसा नैसर्गिक प्रकाशाचा वापर? होतो. टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर? होतो, नळाला बांधलेला दिसतो. कागदाची मागची बाजू? वापरली जाते, विशेषतः सूचनापत्रांची. हिरवे खांब आणि सिमेंटची हरणं कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. जे जे बसत होतं ते सगळं हरीकाका होते.

पण अहवालात शिपायाचं नाव घालायचं नाही, असं सरांनी बजावलं. “व्यवस्था दिसली पाहिजे, व्यक्ती नको.” शाळेत घोटून घेतलेला पॅसिव्ह व्हॉइस तेव्हा कामाला आला. दिवे बंद केले जातात. पाणी वाचवलं जातं. झाडं जपली जातात. कोण करतं ते इंग्रजीत सांगावंच लागत नाही. सरांनी वाचलं, खूश झाले आणि ‘व्यवस्था’ या शब्दापुढे स्वतःच्या पेननं ‘सेन्सर’ असं लिहिलं.

मग पाण्याचा प्रश्न आला. परिसरात नैसर्गिक जलस्रोत आहे का? होय की नाही?

माझ्या खिडकीतून मागचं चिंचेचं झाड दिसे आणि त्याच्या पायथ्याशी एक दगडी काठ. मी तिकडे बोट केलं.

“विहीर?” सर म्हणाले. “ती नाही धरायची. ‘होय’ लिहिलं तर तिची तपासणी, कुंपण, आणि आसपास बांधकाम करायचं नाही म्हणे. ‘नाही’ लिहिलं तर नवीन जलस्रोत बांधायला मंजुरी मिळते. आपण तिथं पर्यावरण चौक करतोय. फरशा, बाकं, मधे सिमेंटचं कमळ, त्यात पाणी.”

“पण विहीर...” मी म्हणाले असावे. सरांना ऐकू गेलं नाही.

“समिती येऊन गेली की त्या दुपारीच राडारोडा टाकून बुजवायची. म्हणजे अहवालही खोटा नाही. लिहा, नाही.”

मी लिहिलं. दोनच तर अक्षरं. इंग्रजीतही दोनच.

त्याच संध्याकाळी मी बाहेर पडत होते, तेव्हा मागच्या बाजूनं हाक आली. “हाय का, बाय?”

मला वाटलं मलाच. वळसा घालून गेले. चिंचेखाली काका विहिरीच्या काठावर दोन्ही हात टेकून आत वाकले होते. बांबू बाजूला पडला होता. त्यांनी पुन्हा हाक मारली, खाली, पाण्यात.

“हाय का, बाय?”

खालून आवाज फिरून वर आला. “...बाय. ...बाय.”

काका मान कलती करून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “बरं. जातू मंग.”

मी उभी होते तिथं वाळकी चिंच पायाखाली मोडली. काका वळले. ओशाळले वगैरे अजिबात नाहीत. “ये,” म्हणाले, “बस.”

मी बसले. विहीर खोल आणि स्वच्छ होती. आत आभाळाचा एक तुकडा हलत होता.

“माजी मोठी बहीन,” काका म्हणाले. “आई मेल्यावर तिनंच माना वाढवला. आमी तिला बायच म्हनाचो. तुजं पुस्तकांचं हाय ना, तिथं आमचा भात व्हायचा. तुजं टेबल हाय, तिथं बांध. मी लूमवरची शिफ्ट करून याचो, बांधावरना हाक माराचो, हाय का, बाय? ती हितं बावेवर.” विहिरीला ते बाव म्हणत. “पन तिच्या तोंडातना आवाज म्हनून न्हाय निगायचा. लय लाजरी. घागर काठावर आपटायची. टण्ण. म्हंजी, हाय.”

मला माझं स्टूल आठवलं.

“जमीन गेली तवा मोठे सायेब आलते. बाय कदी कोनाशी बोलली न्हाय, पन त्या दिवशी बोलली. सगली घ्या, म्हनाली, पन माजी बाव बुजवू नका. सायेबानं मान हालवली. कागदावर लिवलं का न्हाय, आमाना काय वाचता येतंय? आंगठा दिला. कंपाउंडची भिंत झाली त्या वर्षी ती गेली.” त्यांनी काठावरचा पालापाचोळा हातानं झाडला. “माना शिपायाची नोकरी दिली. बरं झालं. बावेवर लक्ष र्‍हातं.”

मग त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या इंग्लिश कागदात बाव हाय ना गो, बाय?”

मी मान हलवली. कोणत्या दिशेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

निघताना मागून पुन्हा आवाज आला. काका रोजच्यासारखं कुलूप लावायच्या आधी शेवटची हाक मारत होते आणि विहीर उत्तर देत होती. बाय. बाय. त्यांच्या कानाला त्यात बहीण ऐकू येत होती. माझ्या इंग्रजी कानाला निरोप.

समिती आली त्या दिवशी सकाळीच दोन ट्रक फाटकाबाहेर येऊन थांबले. पडक्या बांधकामाच्या विटा आणि चुना भरलेले. काका नेहमीसारखे पुढे झाले.

“इधर किताब का माल हाय.”

“मालूम है चाचा,” ड्रायव्हर म्हणाला. “कुआँ किधर है? वो भरने का है ना?”

मी तेव्हाच रिक्षातून उतरत होते. काका भांडतील, बांबू उगारतील असं मला वाटलं होतं. ते फक्त मागे वळले आणि चिंचेकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले. विहिरीभोवती बांबू रोवून त्यावर मोठा फ्लेक्स ताणला होता. विहीर पार झाकली गेली होती. फ्लेक्सवर निळा थेंब, हिरवं पान आणि प्रभारी सर.

“काय लिवलंय गो?” काकांनी विचारलं.

“जल वाचवा,” मी म्हणाले, “जीवन वाचवा.”

काका त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. “आनि आपल्या कागदात?”

या वेळी मी मानही हलवली नाही. त्यांना कळलं.

तेवढ्यात सर आले. “हरी, आज समितीसमोर तोंड उघडायचं नाही. पाणी द्यायचं, बस.”

“पानी देतू,” काका म्हणाले.

सभागृहात पहिल्या रांगेत समिती बसली. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी माझा अहवाल आणला होता आणि, कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तो वाचलाही होता. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. मागे जागा असली की मी तिथंच असते.

“हे सेन्सर उत्तम आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “खोलीत माणूस नसला की दिवे आपोआप बंद होतात म्हणे. पण मी सगळे वर्ग बघितले. कुठं बसवलेत?”

“सर, ते...” प्रभारी सरांनी छताकडे बघितलं. “वायरलेस आहेत.”

शिर्क्यांना खोकल्याची उबळ आली. दाराजवळ वायरलेस सेन्सर पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते.

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले, पडद्यावरचं ‘वीज वाचवा’ विझलं. बाहेर जनरेटर दोन-तीनदा गुरगुरला आणि थंड पडला. कुणीतरी उठून पडदे सारले. लख्ख ऊन आत आलं. सूर्य रजेवर नव्हता.

अध्यक्षांनी घाम पुसला. काकांनी त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. बाटल्यांची पेटी कोपऱ्यात तशीच बंद होती. ग्लास स्टीलचा होता, गारव्यानं बाहेरून बारीक थेंब धरलेला. अध्यक्षांनी एक घोट घेतला, थांबले आणि उरलेला ग्लास एका दमात रिकामा केला.

“काय गोड पाणी आहे! कुठलं?”

“बाटलीचं, सर,” प्रभारी सर म्हणाले.

“छे. मी खेड्यात वाढलोय. बाटलीच्या पाण्याला अशी चव नसते.” त्यांनी अहवालाची पानं चाळली. “इथं तर लिहिलंय, नैसर्गिक जलस्रोत नाही. साधी विहीरसुद्धा नाही? या पट्ट्यात?”

“नाही सर. जमीनच कोरडी.”

“नक्की? कुणाला माहीत आहे का? कुणी आहे का इथलं?”

शिर्के टेबलाकडे बघत राहिले. प्राध्यापक मंडळी अंगठ्या फिरवत होती. मी काकांकडे पाहिलं. त्यांना तोंड उघडायला मनाई होती. जमीन जाताना त्यांच्या बहिणीनं एकदाच तोंड उघडलं होतं, आणि ते कागदावर आलं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या खेपेचा कागद मी लिहिला होता.

काकांनी रिकामा ट्रे छातीशी धरला. ते अध्यक्षांकडे बघत नव्हते, सरांकडेही नाही. सगळ्या रांगा ओलांडून ते माझ्या खांबाकडे बघत होते. आणि रोज साडेपाचला विचारायचे तसंच, तितक्याच साधेपणानं, त्यांनी विचारलं.

“हाय का, बाय?”

माझा हात सवयीनं खुर्चीकडे गेला. खुर्ची सरकवावी, कर्र करावं, म्हणजे त्यांना कळेल. पण खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. लूमच्या सुतानं.

मी उभी राहिले.

“हाय,” मी म्हणाले.

सगळ्या माना मागे वळल्या. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, मला शोधलं आणि हसून हात हलवला. “हॅलो, हॅलो!”

सभागृह हसलं. प्रभारी सर सगळ्यात मोठ्यानं हसले आणि हातानं मला खाली बसायची खूण करायला लागले. एरवी मी बसले असते. एरवी मी उठलेच नसते. पण काका हसत नव्हते. ते मान कलती करून उभे होते, विहिरीवर उभे राहायचे तसे, आवाज वर येण्याची वाट बघत. मी खांबाच्या मागून पुढे आले.

“तसं नाही, सर,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका तो मोठा होता. “विहीर हाय. त्या फ्लेक्सच्या मागं हाय. आणि तुम्ही आत्ता प्यायलात ना, ते पानी पन तिचंच हाय.”